लॅन पोर्टची गोष्ट : कॉम्प्युटरच्या पाठीमागची ती चौकोनी खाच कुठून आली?

जळगाव, धुळे, नंदुरबारहून ऐकणारे, आणि पुण्या-मुंबईच्या पीजीत बसून घरच्या भरीत-भाकरीची आठवण काढत ऐकणारे, सगळ्यांचं स्वागत. ज्यांना इअरफोन लावायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतेय. बोलतानाचे "म्हणजे" आणि "बरं का" थोडे कापलेत. सगळे कापले असते तर तुम्ही मला ओळखलं नसतं.

आजचा विषय छोटा आहे. अक्षरशः छोटा, बोटाच्या पेराएवढा. कुठलाही जुना डेस्कटॉप घ्या. कॉम्प्युटर क्लासमधला, पतसंस्थेतला, शाळेच्या लॅबमध्ये कव्हर घालून ठेवलेला. धूळ झटका आणि पाठ फिरवून बघा. कीबोर्डचा जांभळा गोल, माउसचा हिरवा गोल, मॉनिटरचा निळा पोर्ट, यूएसबीच्या जोड्या, आणि बहुतेक वेळा यूएसबीच्या डोक्यावर बसलेली एक चौकोनी खाच. आत आठ बारीक सोनेरी पट्ट्या, बाजूला दोन इवलेसे दिवे. तो लॅन पोर्ट, म्हणजे नेटवर्क पोर्ट.

आपल्याला वाटतं, तो तिथे असतोच. पण पर्सनल कॉम्प्युटरच्या इतिहासात जवळजवळ पहिली वीस वर्षं बहुतेक मशीनवर तो नव्हता. तो हवा असेल तर वेगळं कार्ड विकत घ्यावं लागायचं, मशीन उघडून बसवावं लागायचं, आणि ते चालावं म्हणून देवाला नारळ बोलावा लागायचा.

माझं म्हणणं एवढंच आहे : मशीनवर कुठला पोर्ट आधीपासून बसवलेला आहे, यावरून कळतं की बनवणाऱ्याने ते कोणासाठी आणि कशासाठी बनवलं. कॅसेटसाठी पोर्ट आहे आणि नेटवर्कसाठी नाही, याचा अर्थ हे मशीन घरात एकटं बसणार आहे. तो एकटेपणा संपून दुसऱ्या मशीनशी बोलणं फुकटात आपल्या तालुक्यांपर्यंत कसं पोचलं, ती ही गोष्ट.

सुरुवात झेरॉक्सपासून

"एक झेरॉक्स काढून द्या भो" हे वाक्य जळगावच्या कोर्टाबाहेर दिवसातून किती वेळा म्हटलं जात असेल! आपल्यासाठी झेरॉक्स म्हणजे मशीनही, दुकानही आणि कागदही. पण झेरॉक्स ही कंपनी आहे, आणि तिची कॅलिफोर्नियात पार्क नावाची संशोधन संस्था होती. १९७३ मध्ये तिथे आल्टो नावाचा कॉम्प्युटर तयार झाला. माउस, खिडक्यांसारखी स्क्रीन, सगळं त्यात होतं.

त्याच संस्थेत लेझर प्रिंटर तयार होत होता. अवाढव्य आणि महाग. प्रत्येक टेबलावर प्रिंटर देणं शक्य नव्हतं. मग खूप आल्टो आणि एक प्रिंटर यांना जोडायचं कसं? रॉबर्ट मेटकाफ या तरुण इंजिनिअरने २२ मे १९७३ ला एक अंतर्गत टिपण लिहिलं आणि त्यात नाव दिलं : इथरनेट. एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांना वाटायचं की प्रकाश वाहून नेणारा ईथर नावाचा अदृश्य पदार्थ सगळीकडे भरलेला आहे. तो ईथर खोटा निघाला, पण नाव मेटकाफना आवडलं. मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी मिळून ते चालवून दाखवलं. वेग होता सेकंदाला २.९४ मेगाबिट.

कल्पना सोपी होती. एकच जाड वायर, सगळे तिला जोडलेले. बोलायच्या आधी ऐका, कोणी बोलत नसेल तर बोला. दोघं एकदम बोलले तर दोघांनी थांबायचं, आणि कमी-जास्त वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. आपल्या घरच्या लग्नाच्या बैठकीत हा नियम असता तर बरं झालं असतं.

मुद्दा असा की आल्टो जन्मापासून नेटवर्कवाला होता. पण आल्टो बाजारात विकायला आलाच नाही.

आयबीएमने रिकामी सोडलेली जागा

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. आजच्या विंडोज मशीनचा तो पणजोबा. त्याच्या मदरबोर्डवर थेट बसवलेले बाहेरचे पोर्ट किती? दोन. एक कीबोर्डचा, आणि दुसरा चक्क टेपरेकॉर्डरचा, कारण कॅसेटवर प्रोग्रॅम साठवता यायचे. स्क्रीन आणि प्रिंटरसाठीसुद्धा वेगळं कार्ड लागायचं. मदरबोर्डवर पाच स्लॉट होते, म्हणजे कार्ड खोचायच्या पाच जागा. ज्याला जे हवं ते त्याने विकत घेऊन खोचावं.

यात आयबीएमची चूक होती का? मला नाही वाटत. त्या काळात नेटवर्क म्हणजे एक गोष्ट नव्हतीच. १९८० मध्ये डेक, इंटेल आणि झेरॉक्स यांनी मिळून इथरनेटचं जाहीर मानक काढलं. आर्कनेट होतं. पुढे १९८५ मध्ये आयबीएमने स्वतःचं टोकन रिंग आणलं. कोणती पद्धत जिंकणार हे कोणालाच माहीत नव्हतं. अशा वेळी एक पोर्ट कायमचा बसवायचा म्हणजे उद्या बंद पडणाऱ्या गाडीचं तिकीट आज काढण्यासारखं. शिवाय त्याचा खर्च सगळ्या गिऱ्हाइकांवर पडणार आणि वापरणार दहातला एखादा. म्हणून जागा रिकामी सोडली.

ही रिकामी जागा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

शाळेसाठी पोर्ट

आयबीएम ऑफिसचा विचार करत होतं. त्याच वर्षी, डिसेंबर १९८१ मध्ये, ब्रिटनमध्ये एकॉर्न कंपनीने बीबीसी मायक्रो काढला, तो शाळांचा विचार करून. शाळेत तीस मुलं, एक प्रिंटर, एक महागडा डिस्क ड्राइव्ह. मग मशीन एकमेकांना जोडायला नकोत? बीबीसी मायक्रोच्या बोर्डवर इकोनेट नावाच्या नेटवर्कसाठी जागा आधीच ठेवली होती. पाच पिनांचं गोल सॉकेट आणि दोन-चार चिप बसवल्या की मशीन वर्गातल्या बाकीच्यांना जोडलं जायचं. स्लॉट शोधायला नको.

आणि हा कॉम्प्युटर भारतात आला होता, बरं का! १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी क्लास नावाचा प्रकल्प सुरू केला. पहिल्या फेरीत देशभरातल्या सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो दिले गेले. भारतातल्या एका अख्ख्या पिढीतल्या थोड्या नशीबवान मुलांनी पहिला कॉम्प्युटर पाहिला तो हाच.

आता तुमच्या खिशातला फोन बाहेर काढा. याच एकॉर्न कंपनीने १९८५ मध्ये एआरएम नावाचा प्रोसेसर बनवला, आणि तो आधी बीबीसी मायक्रोला जोडूनच चालवून पाहिला. तुमच्या फोनचा प्रोसेसर जवळजवळ नक्की त्याच घराण्यातला आहे.

ब्रिटनमधलाच आणखी एक नमुना. सिंक्लेअर कंपनीने १२ जानेवारी १९८४ ला क्यूएल नावाचा कॉम्प्युटर जाहीर केला. त्यावर नेटवर्कचे दोन पोर्ट मुळातच होते, आणि ते कसे? ३.५ मिलिमीटरचा जॅक! तोच, जो तुमच्या जुन्या फोनला इअरफोनसाठी होता आणि नव्या फोनमधून गायब झाला. दोन तारांची साधी वायर, या मशीनमधून त्या मशीनमध्ये. ६४ मशीनपर्यंत साखळी करता येईल असं कंपनी सांगायची. क्यूएल बाजारात फार चालला नाही. पण स्वस्त घरगुती मशीनला नेटवर्क परवडत नाही, हे काही खरं नव्हतं. प्रश्न तो द्यायचा की नाही, हे ठरवण्याचा होता.

मॅकिंटॉश आणि एक प्रिंटर

क्यूएलनंतर बाराच दिवसांनी अमेरिकेत ॲपलने मॅकिंटॉश दाखवला. त्याच्या मागच्या दोन सिरियल पोर्टमध्ये एक छुपी सोय होती. १९८५ मध्ये ॲपलने लेझररायटर प्रिंटर आणला, किंमत सात हजार डॉलरला पाच कमी. एवढा प्रिंटर एका माणसाला कोण घेऊन देणार? म्हणून त्याच सिरियल पोर्टमधून एक स्वस्त जोडणी निघाली, पुढे तिला लोकलटॉक म्हणू लागले. वेग सेकंदाला २३०.४ किलोबिट, इथरनेटपुढे बैलगाडी. पण कार्ड लागत नव्हतं. वायर खोचा, झालं.

बघा, झेरॉक्सच्या लॅबमध्ये इथरनेट प्रिंटरसाठी आलं, आणि मॅकवर नेटवर्क पुन्हा प्रिंटरसाठीच आलं. जगाला जोडण्याच्या मोठ्या गप्पा नंतरच्या. सुरुवात महाग वस्तू वाटून घेण्यापासून झाली. ट्रॅक्टर वाटून घेणाऱ्या आपल्या गावांना हे वेगळं समजवायची गरज नाही.

पुढे १९८८ च्या नेक्स्ट कॉम्प्युटरवर इथरनेट थेट बोर्डवर आलं. स्वित्झर्लंडच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये याच मशीनवर वर्ल्ड वाइड वेब तयार केलं. १९९१ मध्ये ॲपलच्या क्वाड्रा मशीनवरही इथरनेट बोर्डवर आलं. पण ही सगळी महागडी मशीन. आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं?

आपल्याकडे : कार्ड, टी आणि टर्मिनेटर

आपल्याकडे पीसी आले ते आयबीएमच्या वळणाचे, म्हणजे रिकाम्या स्लॉटवाले. त्यामुळे नेटवर्क हवं असेल तर कार्ड. सर्वात गाजलेलं कार्ड होतं नॉव्हेल कंपनीचं एनई २०००, आणि त्याहून जास्त गाजल्या त्याच्या तैवानी नकला. कार्डवर जंपर असायचे. कार्डला एक इंटरप्ट क्रमांक द्यावा लागायचा. नेहमीचा ३ नंबर दिला की तो दुसऱ्या सिरियल पोर्टशी भांडायचा, मग एक तर मोडेम चालायचा नाहीतर नेटवर्क. हे सगळं जमवणारा माणूस म्हणजे ऑफिसातला देव.

वायर होती टीव्हीच्या केबलसारखी, कोॲक्सियल. प्रत्येक मशीनच्या मागे इंग्रजी टी अक्षरासारखा जोड, वायर त्यातून पुढच्या मशीनकडे. दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर नावाचा टोपीसारखा खुंटा. एका वायरीची लांबी जास्तीत जास्त १८५ मीटर, मशीन जास्तीत जास्त ३०.

याची गंमत जळगाव-धुळे रस्त्यावरून समजते. जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे, असा एक रस्ता. पारोळ्याला झाड पडलं तर धुळ्याला जाता येणार नाही, पण जळगावहून एरंडोलला तर जाता येईल ना? कोॲक्सियल नेटवर्कमध्ये तेही बंद! कारण वायर कुठेही तुटली की उघड्या टोकावरून सिग्नल आपटून परत फिरतो आणि येणाऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. सगळ्यांचंच बोलणं बिघडतं. कोणी झाडू मारताना एक टी ढिला केला की अख्खं ऑफिस ठप्प.

तरी लोक हे का वापरत होते? कारण हार्ड डिस्क महाग होती. भारतातल्या कितीतरी क्लासेस आणि ऑफिसांत एकच चांगला सर्व्हर असायचा आणि बाकीची मशीन डिस्कलेस नोड, म्हणजे त्यांना ना हार्ड डिस्क ना फ्लॉपी. नेटवर्क कार्डवर एक बूट रॉम चिप बसवायची, मशीन चालू केलं की ते सर्व्हरकडून सगळं मागून घ्यायचं. अशा मशीनला नेटवर्क म्हणजे चैन नव्हती. ते नसेल तर स्क्रीनच पुढे सरकायची नाही.

बँकांची वाट वेगळी होती. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या सी. रंगराजन समितीने १९८४ मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाचा पहिला आराखडा दिला. कर्मचारी संघटनांना नोकऱ्यांची धास्ती होती, वाटाघाटी करत पावलं टाकावी लागत होती. शाखांमध्ये आधी आली ती एएलपीएम, म्हणजे खात्याच्या नोंदी करणारी सुटी मशीन. एका काउंटरवरच्या मशीनला शेजारच्या काउंटरचं काही माहीत नसायचं. मग नव्वदच्या दशकात संपूर्ण शाखा एका लॅनवर, आणि दोन हजारनंतर कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखा एकमेकांना जोडलेल्या. आज तुम्ही चहाचे दहा रुपये फोनवरून देता, त्याच्या मुळाशी ही हळूहळू एकटेपण सोडणारी मशीन आहेत.

सरकारी बाजूला एनआयसी, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, १९८७-८८ च्या सुमाराला निकनेट उभं करत होतं. देशातली जिल्हा मुख्यालयं उपग्रहाच्या छोट्या डिशने दिल्लीशी जोडायची, अशी ती योजना. म्हणजे सामान्य माणसाने इंटरनेट हा शब्द ऐकण्याच्या आधी जिल्ह्याच्या सरकारी कचेरीचा कॉम्प्युटर आकाशातून दिल्लीशी बोलू लागणार होता. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं, ते १ जुलै १९९८ ला वेगळं झालं. पण एक फरक लक्षात घ्या. ही जोडणी कचेरीची होती. रांगेत सातबारा घेऊन उभ्या असलेल्या माणसाची नव्हती.

पुण्यातली एक उलटी गोष्ट

याच काळात पुण्यात काही लोक उलटा विचार करत होते. अमेरिका मोठा सुपरकॉम्प्युटर द्यायला खळखळ करत होती. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिचे प्रमुख होते डॉ. विजय भटकर, मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. १९९१ मध्ये त्यांनी परम ८००० उभा केला.

त्यातला प्रोसेसर होता ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचा टी ८००, ज्याला ट्रान्सप्युटर म्हणायचे. या चिपची खासियत काय? नेटवर्कचे चार पोर्ट बोर्डवर नव्हे, थेट चिपच्या आत! प्रत्येक चिप चार शेजाऱ्यांशी तारेने बोलू शकायची. एकटी चिप फार जलद नव्हती. पण अशा अनेक जोडून त्यांच्यात काम वाटलं की ताकद वाढत जायची. कार्ड घेऊन नेटवर्क जोडणाऱ्या देशात, जोडणी चिपमध्येच असलेला सुपरकॉम्प्युटर तयार झाला.

ही फॅशन सामान्य पीसीपर्यंत पोचली नाही. तिथे गोष्ट पुढे सरकली ती स्वस्ताईमुळे.

जंक्शन आलं आणि भाव पडले

१९९० मध्ये इथरनेटची नवी पद्धत मानक झाली. टीव्हीसारखी केबल गेली, टेलिफोनसारखी पीळ दिलेल्या तारांची वायर आली. प्रत्येक मशीनची वायर वेगळी, सगळ्या येणार मध्यभागी एका हबमध्ये. म्हणजे भुसावळ जंक्शन! एका फलाटाची लाइन बंद पडली तरी बाकीच्या गाड्या चालू. वायरीच्या टोकाला आठ पिनांचा पारदर्शक प्लग, आरजे ४५. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम पाठ असलेली आणि क्रिंपिंग टूल खिशात घेऊन फिरणारी पोरं प्रत्येक तालुक्यात तयार झाली. आठ तारांपैकी १०० मेगाबिटपर्यंत काम चारच तारा करतात, हेही त्यांनाच माहीत.

आता ती रिकामी जागा आठवा. आयबीएमच्या पीसीत स्लॉट होते, म्हणून कोणीही कार्ड बनवू शकत होतं. एनई २००० च्या नकला, मग रिअलटेकची ८१३९ चिप. स्पर्धा इतकी झाली की नेटवर्क चिप चिल्लरच्या भावात गेली. एवढी स्वस्त वस्तू वेगळ्या कार्डवर विकण्यात अर्थ उरला नाही, ती मदरबोर्डवरच चिकटवू लागले. २००० मध्ये इंटेलने आयसीएच २ या चिपमध्येच नेटवर्कची सोय घातली. पुढच्या चार-पाच वर्षांत साध्यातला साधा मदरबोर्डही लॅन पोर्ट घेऊनच येऊ लागला.

ॲपलने हेच दृष्टी म्हणून केलं. १५ ऑगस्ट १९९८ ला निळा-हिरवा आयमॅक विक्रीला आला, त्यात फ्लॉपी नव्हती, पण इथरनेट आणि मोडेम दोन्ही आधीच होते. आपल्या इतिहासात १५ ऑगस्ट आणखी दोनदा येतो. १५ ऑगस्ट १९९० ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं, ज्याला २०१८ पासून बहिणाबाईंचं नाव आहे. आणि १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेही आधी मोठ्या शहरांत. लांबच्या माणसाला मोडेमवरून एसटीडीचा कॉल.

पण जळगाव-धुळ्याच्या टेबलावर पोर्ट आणला तो आयमॅकने नव्हे. तो आणला भावात पडलेल्या तैवानी चिपने. दूरदृष्टीने जे शहरातल्या मोजक्यांना दिलं, ते नक्कल आणि स्वस्ताईने सगळ्यांना दिलं. मला हा इतिहासातला सगळ्यात आवडता भाग वाटतो.

एमएस-सीआयटीची खोली

आणि टायमिंग बघा. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी आलं. सरकारी नोकरीसाठी ते लागू लागलं. तालुक्या-तालुक्यात, दुकानाच्या वरच्या मजल्यावर, सेंटर उघडली. खोलीत दहा-बारा मशीन, कोपऱ्यात सर्व्हर, मध्ये एक स्विच. शिकवायचं सॉफ्टवेअर सर्व्हरवर आणि मुलं क्लायंट मशीनवर. आधीच्या काळात असली खोली उभी करायची तर दहा कार्डं, दहा टी आणि तो ऑफिसातला देव लागला असता. आता मदरबोर्डवर पोर्ट फुकट होता. फक्त वायर कापायची, प्लग दाबायचा.

तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या आई-बाबांनी, मोठ्या ताईने, शिक्षक असलेल्या काकांनी कॉम्प्युटरला पहिला हात लावला तो अशाच खोलीत. त्या खोलीत इंटरनेट रोज चालायचंच असं नाही. पण मशीन एकमेकांशी बोलत होती, आणि शिकण्याला तेवढं पुरत होतं. मग जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं, २५६ केबीपीएस. मोडेममधून निघालेली वायर बहुतेक वेळा याच पोर्टात शिरायची. घरात वर्षभर रिकामा पडलेला तो पोर्ट, दोन दिवे लुकलुकवत, एका रात्रीत कामाला लागला.

आणि आता तो जातोय

मार्च २००३ मध्ये इंटेलने सेंट्रिनो आणलं, लॅपटॉपमध्ये वायफाय गृहीत धरलं जाऊ लागलं. जानेवारी २००८ च्या मॅकबुक एअरवर लॅन पोर्टच नव्हता. आज पातळ लॅपटॉपवर तो शोधून सापडत नाही, आणि फोनवर तर तो कधी नव्हताच.

मग काय बिघडलं, वायर गेली तर बरंच झालं ना? वायरचं मला दुःख नाही. पण लॅनमध्ये एक गोष्ट होती : एका खोलीतली दोन मशीन कोणाच्याही परवानगीशिवाय बोलू शकायची. रिचार्ज नको, टॉवर नको, लॉगिन नको. आज एकाच बाकावर बसलेले दोन मित्र नोट्सची पीडीएफ पाठवतात, तेव्हा ती आधी टॉवरवर जाते, कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरवर जाते आणि मग शेजारच्या खिशात येते. डेटा संपला की शेजारीही लांबचा होतो. शेअरइट आठवतंय? सिनेमाच्या सिनेमे पास व्हायचे. ते दुसरं काय होतं, दोन फोनमध्ये तात्पुरतं तयार केलेलं लॅनच. जून २०२० मध्ये त्यावर बंदी आली. दुसरी ॲप आहेत म्हणा, पण किती जणांना माहीत आहेत?

याचा वेगळा विचारही झाला होता, आणि तो महाराष्ट्रातल्या एका शाळेपर्यंत आला होता. २००७ मध्ये खैराट या छोट्या गावातल्या एकशिक्षकी शाळेत मुलांना हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप मिळाले. ते जगभर चाललेल्या एका योजनेतले होते : प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप. त्यावर लॅन पोर्ट नव्हता, पण दोन हिरवे कान होते, म्हणजे अँटेना. त्यातून शेजारचा लॅपटॉप थेट शेजारच्या लॅपटॉपशी बोलायचा, मध्ये टॉवर नाही. याला मेश म्हणतात. गर्दीच्या वर्गात हे तंत्र अडखळायचं हेही खरं. पण विचार बीबीसी मायक्रोचाच होता : आधी वर्ग जोडा, जग नंतर.

आज उलटं आहे. गावोगावी फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, आता तिला भारतनेट म्हणतात. असं फायबर ज्या प्लॅस्टिकच्या नळीतून जातं, तसल्या नळ्या आपल्या जळगावची जैन इरिगेशनही ठिबकच्या नळ्यांबरोबर बनवते. पण नळी पंचायतीपर्यंत पोचली म्हणजे शाळेच्या लॅबमधल्या त्या चौकोनी खाचेपर्यंत पोचली, असं होत नाही. पोर्ट हे अर्धं काम आहे. उरलेलं अर्धं म्हणजे पंधरा मीटर वायर, एक स्विच, आणि ते जोडायला कोणीतरी.

म्हणून आज तुम्हाला एक काम. तुमच्या शाळेत, कॉलेजात, ग्रामपंचायतीत जुनी मशीन पडली असतील, तर पाठ फिरवून बघा. पोर्ट आहे का? त्यात वायर आहे का? परवानगी घेऊन दोन मशीन एका वायरने जोडा आणि एकातली फाइल दुसऱ्यात उघडून दाखवा. इंटरनेट लागत नाही. लहान भावंडांना हे दाखवलं तर नेटवर्क म्हणजे रिचार्ज नव्हे, हे त्यांना कायमचं कळेल.

ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांनी फोन उघडा. सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंगच्या पानावर बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनमध्ये शेवटी एक फिकट, दाबता न येणारी ओळ असते : इथरनेट टेदरिंग. यूएसबी-सीला लॅनचा ॲडॉप्टर लावला की ती ओळ जिवंत होते. झेरॉक्सच्या त्या टिपणाला ५० वर्षं उलटून गेली, आणि ते नाव अजून तुमच्या खिशात आहे.

तुमच्या घरात पहिला कॉम्प्युटर कुठे शिकला गेला, कोणत्या गावातल्या कोणत्या मजल्यावर, ते व्हॉइस नोट करून पाठवा. अहिराणीत पाठवली तर सोन्याहून पिवळं. पुढच्या भागात भेटू. जय खान्देश!